हलक्या हाताने

मालिश म्हटलं की मराठी माणसाला आधी आवाज ऐकू येतो. पाठीवर पडणाऱ्या थापा, कडाकडा मोडणारी बोटं, चौपाटीवर तेलाच्या बाटल्या किणकिणवत फिरणारा चंपीवाला, आणि या सगळ्यावर ताण करणारं, मालिश करून घेणाऱ्याचं 'आई गं!' कोल्हापूरच्या तालमीत दमलेला पैलवान पालथा पडतो आणि दुसरा त्याच्या मांड्यांवर चक्क पाय देऊन उभा राहतो. बाळाला न्हाऊ घालणारी बाई त्या एवढ्याशा जिवाला पायांवर आडवं घालून असं चोळते की बाळ रडून लालबुंद होतं, आणि आजी समाधानाने म्हणते, "आता कसं गाढ झोपेल बघा." इंजेक्शन देणाऱ्या नर्सचा हात हलका असला तर लोक तिचीच ड्यूटी कधी आहे ते विचारून येतात. मालिशवालीचा हात हलका निघाला, तर पुढच्या महिन्यापासून दुसरी बाई बघतात.

दुखलं तर गुण येणार, हा आमचा जुना हिशेब. औषध कडू हवं, मास्तर कडक हवेत, दिवाळीचं उटणं खरखरीत हवं. पैसे मोजल्यावर समोरच्याने घाम गाळला नाही, तर आपल्याला कुठेतरी बनवलं गेलंय अशी शंका आम्हाला आल्याशिवाय राहत नाही.

माझ्या आत्याला ती आलीच. आत्या सांगलीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, त्याच वेळी काखेतल्या गाठी काढल्या, मग रेडिएशन झालं. हे सगळं तिने जवळजवळ शाळा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला तोंड द्यावं तितक्या शांतपणे पार पाडलं. दीडेक वर्षाने नव्या ब्लाउजची डावी बाही तिला रुतायला लागली. आत्याने निष्कर्ष काढला की शिंप्याने कापड मारलं. ती त्याच्याकडे गेली, भांडली, बाही उसवून सैल करून घेतली. महिन्याभराने सैल केलेली बाहीही रुतली तेव्हा तिला प्रथमच वाटलं की कदाचित शिंप्याचं गणित बरोबर असावं. (शिंप्याची माफी मात्र तिने अजून मागितलेली नाही.) बांगडी मनगटाशी अडायला लागली, हात संध्याकाळी पाण्याने भरलेल्या घागरीएवढा जड वाटायला लागला, आणि डॉक्टरांनी तिला पुण्यातल्या एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

ती मुलगी वयाने आत्याच्या शेवटच्या बॅचची शोभावी अशी. तिने टेप घेऊन दोन्ही हात मनगटापासून वरपर्यंत ठरावीक अंतरावर मोजले, आकडे तक्त्यात भरले, त्यांवरून हाताचं आकारमान काढलं. इथपर्यंत आत्या खूश होती. वृत्तचिती आणि शंकुछेद आयुष्यात कुणाच्या तरी उपयोगी पडताना तिने पहिल्यांदाच पाहिले. मग आत्याला झोपवून ती मुलगी डोक्याशी बसली, तेल वगैरे काही न घेता कोरडी बोटं गळपट्टीच्या हाडांवरच्या खळग्यांत ठेवली आणि अगदी सावकाश, कातडी फक्त जरा ताणली जाईल इतपत, गोल फिरवायला लागली. ताण द्यायचा, सोडायचा, थांबायचं. पुन्हा. मग उजव्या काखेत तेच. मग पोटावर हात ठेवून आत्याला दीर्घ श्वास घ्यायला लावले. आत्याने बराच वेळ वाट पाहिली. शेवटी शिष्टाचार सांभाळून म्हणाली, "बाळा, सुरू कधी करणार?"

"काकू, निम्मं झालं."

"पण हात इकडे आहे."

"हाताचा नंबर शेवटी."

परतताना रिक्षात आत्या म्हणाली, "गुणी मुलगी आहे. पण हिला कुणी शिकवलेलं दिसत नाही."

वास्तविक शिकवलेलं होतं, आणि फार काटेकोरपणे. मॅन्युअल लिम्फॅटिक ड्रेनेज असं या प्रकाराचं नाव. तो समजून घ्यायचा तर शरीरातल्या एका दुर्लक्षित खात्याची माहिती करून घ्यावी लागते. रक्ताचं सगळं कसं थाटाचं. हृदयासारखा पंप, मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरतंय, त्याच्यावर कविता होतात. पण केशवाहिन्यांतून थोडं पाणी आणि प्रथिनं बाहेर झिरपतात, ती सगळीच्या सगळी काही रक्तात परत शिरत नाहीत. मागे राहिलेला हा द्रव गोळा करून परत आणणाऱ्या वेगळ्या, बारीक, पारदर्शक वाहिन्या असतात. तो द्रव म्हणजे लिम्फ, शाळेच्या पुस्तकातली लसिका. पाठ्यपुस्तकं त्याचा आकडा दिवसाला साधारण ३ लिटर असा देतात. वाटेत काखेत, जांघेत, मानेत गाठी असतात, तिथे जंतूंची झडती होते. शेवटी हा सगळा माल डाव्या आणि उजव्या गळपट्टीच्या हाडामागे शिरेत ओतला जातो. त्यातही वाटणी अगदीच विषम आहे. उजवा हात, उजवी छाती आणि डोक्याची उजवी बाजू एवढाच भाग उजव्या दाराने जातो. बाकी सगळं शरीर, उजव्या पायाच्या अंगठ्यासकट, डाव्या दाराने.

आणि या खात्याला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांच्या भिंती मिनिटाला काही वेळा स्वतःहून आकसतात, आत एकदिशा झडपा असतात, बाकी सारं शेजाऱ्यांच्या भरवशावर. स्नायू हलले की वाहिन्या दाबल्या जातात, श्वास खोल घेतला की छातीतली मोठी नळी लिम्फ वर खेचते. बसून राहिलात तर तीही बसून राहते. लांबच्या बस प्रवासात पाय का सुजतात याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

आता काखेतल्या गाठीच काढल्या आणि उरल्यासुरल्या वाटा रेडिएशनने घट्ट झाल्या, तर हातातून निघालेला द्रव जाणार कुठे? दादरला सकाळी लोकल येते तेव्हा फलाटावरची गर्दी आत घुसायला बघते, आणि कुणीतरी शहाणा ओरडतो, "आधी उतरू द्या!" दाराशी जागा झाल्याशिवाय मागून कितीही रेटलं तरी आत कुणी जात नाही, नुसते खांदे दुखतात. ती मुलगी आत्याच्या मानेशी जे करत होती ते हेच. आधी शेवटचं दार मोकळं करायचं, मग छाती, मग दंडाचा वरचा भाग, आणि सगळ्यात शेवटी मनगट. शिवाय डाव्या काखेचं स्टेशनच बंद असल्यामुळे तिथली गर्दी छातीवरून उजव्या काखेकडे आणि कमरेवरून डाव्या जांघेकडे वळवायची. सेंट्रल ठप्प झाली की हार्बरने जा म्हणतात तसं. मुंबईत तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे शास्त्र समजायला दोन मिनिटं लागतात. सांगलीच्या आत्याला जरा जास्त लागली.

हलकेपणाचं कारणही गमतीचं आहे. या वाहिन्यांची सुरुवात कातडीच्या अगदी लगेच खाली होते, आणि तिथल्या पेशी एकमेकींवर कडा टाकून बसलेल्या असतात. त्या कडांना सूक्ष्म तंतू बांधलेले असतात, तंतूंचं दुसरं टोक आजूबाजूच्या पेशीजालात रोवलेलं. कातडी हळूच ताणली की तंतू ओढले जातात, कडा उघडतात, पाणी आत जातं. दात-ओठ खाऊन रगडलं तर या नाजूक वाहिन्या नुसत्या चेपल्या जातात, शिवाय तिथे रक्तपुरवठा वाढून आणखी पाणी झिरपतं. म्हणून नियम असा की कातडी लाल होता कामा नये. लाल झाली म्हणजे जोर जास्त झाला. आमच्याकडे लाल झाली म्हणजे पैसे वसूल झाले.

या खात्याकडे डॉक्टरांचं लक्ष जायलाही फार उशीर झाला. जुलै १६२२ मध्ये मिलान शहरात गास्पारे आसेल्ली नावाचा शल्यविशारद एका जिवंत कुत्र्याचं पोट उघडून बघत होता. (त्या काळी असंच चाले; कुत्र्याचं मत कुणी घेतलं नाही.) आतड्यांच्या पडद्यावर त्याला पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं दिसलं. आधी त्या नसा वाटल्या, पण एक कापली तर दुधासारखा द्रव बाहेर आला. तो हरखला. खात्री करायला दुसरं कुत्रं घेतलं, तर त्याच्या पोटात दोऱ्यांचा पत्ताच नाही. आसेल्ली हुशार होता. त्याच्या लक्षात आलं की पहिलं कुत्रं जेवलेलं होतं आणि दुसरं उपाशी. पोटातल्या स्निग्ध अन्नामुळे लिम्फ पांढरी होते आणि तेवढ्यापुरत्या या वाहिन्या डोळ्यांना दिसतात. त्याचं रंगीत चित्रांचं पुस्तक १६२७ मध्ये निघालं, पण तोवर आसेल्ली स्वतः गेला होता. पुढच्याच वर्षी हार्वीने रक्ताभिसरणाचं पुस्तक काढलं, आणि सगळी वाहवा हृदयाने लुटली.

पुढे १६५०च्या सुमारास स्वीडनचा ओलोफ रुडबेक आणि डेन्मार्कचा थॉमस बार्थोलिन यांनी या वाहिन्यांचं सबंध शरीरभर पसरलेलं जाळं जवळजवळ एकाच वेळी शोधलं, आणि आधी कोण यावरून जोरदार जुंपली. हे वाचताना मला घरच्यासारखं वाटलं. रुडबेकने पुढे आयुष्याची बरीच वर्षं घालवून असा ग्रंथ लिहिला की बुडालेलं अटलांटिस म्हणजे आमचं स्वीडनच. बार्थोलिनची गंमत आणखी न्यारी. तोपर्यंत अशी समजूत होती की अन्नाचा रस यकृतात जातो आणि तिथे रक्त बनतं. नव्या वाहिन्यांनी तो रस परस्पर दुसरीकडे नेल्याचं सिद्ध झालं, तेव्हा बार्थोलिनने चक्क यकृताचा मृत्युलेख लिहिला. बिचाऱ्या यकृताला शेकडो वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तिवेतनही नाही.

मालिशीकडे यायला आणखी पावणेतीनशे वर्षं गेली. तशी व्हिनिवार्टर नावाच्या ऑस्ट्रियन शल्यविशारदाने १८९२ मध्ये सुजलेल्या अवयवांसाठी हलकी मालिश, घट्ट बांधायच्या पट्ट्या आणि कातडीची निगा असा उपाय लिहून ठेवला होता, पण त्याच्यामागे तो फारसा कुणी चालवला नाही. मग १९३०च्या दशकात एमिल आणि एस्ट्रिड वोडर हे डॅनिश जोडपं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, कान शहरात मालिशीचं काम करत होतं. त्यांच्याकडे जुनाट सर्दीने बेजार झालेली माणसं येत आणि त्यांच्या मानेतल्या गाठी सुजलेल्या असत. गाठींना हात लावायचा नाही, असा त्या काळचा वैद्यकीय दंडक. वोडर दांपत्याने तो मोडला, पण इतक्या हलक्या हाताने मोडला की फारसं कुणी ओरडलं नाही. १९३६ मध्ये त्यांनी आपली पद्धत पॅरिसमध्ये लोकांसमोर मांडली. पुढे जर्मनीत मिखाएल आणि एथेल फोल्डी या डॉक्टर जोडप्याने तिला पट्ट्या, व्यायाम आणि कातडीची काळजी यांची जोड देऊन पक्की उपचारपद्धती बनवली. दोन्ही वेळा नवरा-बायकोच, याचं मला नवल वाटत नाही. समोरच्याला न दुखवता, न घाई करता, रोज थोडं थोडं सरकवत न्यायचं, आणि हा उद्योग कधी पुरा होत नाही हे माहीत असायचं, याचा सराव आणखी कुठे होणार?

आत्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "पण उपयोग होतो का, ते सांग." प्रश्न रास्त आहे. स्तनाच्या कर्करोगानंतर सुजलेल्या हातांवरच्या चाचण्यांचा एक आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये काढला. त्याचा सूर असा की मालिश सुरक्षित आहे, सूज सौम्य ते मध्यम असेल तर पट्ट्यांच्या जोडीला तिचा थोडा आणखी फायदा होऊ शकतो, पण मुख्य ओझं पट्ट्याच उचलतात. गुडघा बदलल्यानंतरच्या सुजेवर प्रयोग झाले त्यांतही एकमत नाही. म्हणजे ही जादू नाही. नुसती मालिश करून हात उघडा ठेवला तर संध्याकाळपर्यंत पाणी परत जागेवर. आत्याने ही माहिती थंडपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "म्हणजे शिकवणीसारखं. घरी अभ्यास केला तरच." मला वाटतं कॉक्रेनवाल्यांना एवढ्या थोडक्यात जमलं नसतं.

हे सगळं ज्यांना माहीत नाही, किंवा माहीत असून सोयीचं नाही, ती मंडळी हल्ली शहरातल्या पार्लरमध्ये भेटतात. 'लिम्फॅटिक ड्रेनेज फेशियल', नवरीचं पॅकेज, दगडाच्या पट्टीने गाल वर ओढणं, आणि अर्थात 'टॉक्सिन्स' बाहेर काढणं. सकाळी डोळ्यांखाली आलेली सूज थोडा वेळ उतरते, हे खरंही असेल. लग्नाच्या फोटोंना तेवढा वेळ पुरतो. माझी हरकत टॉक्सिनला आहे. ते काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं गुपचूप करतच असतात. यकृताचा एक मृत्युलेख १६५३ मध्ये लिहून झाला आहे, आता पार्लरवाल्यांनी त्याला दुसऱ्यांदा नोकरीवरून काढू नये.

त्याहून धोकादायक म्हणजे नातेवाईक. आत्याच्या घरी समाचाराला येणाऱ्या प्रत्येक बाईचा हात शिवशिवत असे. "मी देते ना रगडून, अस्सं उतरवते पाणी." आत्याने बाही खाली ओढून चहा पुढे केला आणि वेळ मारून नेली, ते बरं झालं. पण सुजलेला पाय दिसला की चोळायचा, ही आपल्याकडची सवय कधी कधी अंगाशी येते. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. हृदय अशक्त असेल तर एवढं पाणी एकदम परत पाठवल्यावर ते झेपत नाही. कातडी लाल, गरम आणि अंगात ताप असेल तर जंतुसंसर्ग आहे, तिथे कुठल्याच हाताने जाऊ नये. सूज कशाची आहे ते आधी डॉक्टरने सांगायचं आणि मग हात लावायचा. 'दोन दिवस तेल लावून बघू' हा इथे उपाय नाही.

पण पुण्यातल्या त्या मंद दिव्याच्या खोलीत बसल्यावर मला विदर्भ आठवत असे. सूज तीच, वाहिन्याही त्याच, फक्त गाठी कुणी काढलेल्या नसतात. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या भागांत क्युलेक्स डास हत्तीरोगाचे जंतू घेऊन येतो. दोऱ्याएवढे किडे लिम्फच्या वाहिन्यांतच घर करतात आणि वर्षानुवर्षांनी पाय सुजतो, कातडी जाड आणि भेगाळ होते, वारंवार ताप येतो. तिथे गळपट्टीवर बोटं फिरवायला कुणी बसलेलं नसतं. रोज पाय साबणाने धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या, भेगांना मलम लावायचं, बसताना पाय वर ठेवायचा, घोटा हलवत राहायचा, एवढं शिकवतात, आणि एवढ्याने ताप येणं पुष्कळ कमी होतं. पण यालासुद्धा रोज स्वच्छ पाणी लागतं, आणि दिवसभर भाताच्या चिखलात उभं राहणाऱ्या बाईने पाय उंच ठेवून बसायचं कधी, हे आरोग्य खात्याच्या पत्रकात नसतं. केरळात कासरगोडला इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मॅटॉलॉजी नावाची संस्था आहे. तिथे हत्तीपायाच्या रोग्यांना आयुर्वेद, योगासनं, श्वासाचे व्यायाम, मालिश आणि पट्ट्या असा एकत्र उपचार देतात आणि घरच्या माणसांनाही तो शिकवतात. फार मोठी यंत्रं नाहीत. पाणी, कापड, हात.

मुळात रोगच होऊ नये म्हणून सरकार गावोगाव गोळ्या वाटतं. धडधाकट माणूस त्या घेतो, "मला काय धाड भरलीय?" म्हणतो आणि फडताळात ठेवून देतो. म्हणून आशाताई आता समोर उभ्या राहून गोळी गिळायला लावतात. हेही हलक्या हाताचंच काम, आणि त्याचंही कुणाला फारसं अप्रूप नाही.

आत्या आता स्वतःची मालिश स्वतः करते. वेळापत्रक करून भिंतीला लावलं आहे: मान, श्वास, उजवी काख, छाती, दंड. शेजारच्या एका बाईंचं तसंच ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनाही तिने शिकवलं, आणि त्या घाईने थेट मनगटापासून सुरू करायला लागल्या की "पायऱ्या गाळू नका, मार्क कापीन" असं दटावते. हाताचे आकडे वहीत आहेत, आलेखही काढलेला आहे. रेघ हळूहळू उतरते, मे महिन्यात थोडी चढते, पुन्हा उतरते.

दिवसभर तिला दंडापर्यंतची घट्ट बाही घालावी लागते. ती कातडीच्या रंगाची असते म्हणतात. कुणाच्या कातडीच्या, ते कारखानदारालाच ठाऊक. मंडईत भाजीवाल्या विचारतात, "बाई, हाताला काय झालं?" मूड असेल त्याप्रमाणे आत्या कुणाला खरं सांगते, कुणाला क्रिकेट म्हणून सांगते. काही महिन्यांनी बाहीचा ताण जातो, म्हणून नवी घ्यायची तारीख कालनिर्णयवर लाल खूण करून ठेवलेली असते. मागच्या वेळी मी तिच्याबरोबर दुकानात गेलो होतो. दुकानदाराने माप घेतलं, खोका काढला, किंमत सांगितली. आत्याचा चेहरा पाहून तो आपुलकीने म्हणाला, "आजी, दोन्ही हातांची जोडी घेतलीत तर सूट आहे."

"उजव्या हाताला काही झालेलं नाही," आत्या म्हणाली.

"असू द्या की घरात. उपयोगी पडेल."

आत्याने खोका परत काउंटरवर ठेवला, चष्मा नाकावर सरकवला आणि एका बाहीवर जोडीच्या निम्मी सूट किती टक्के होते, हे त्याला कागदावर करून दाखवायला घेतलं.